हाल्दिसची कमान

हाल्दिस ब्रेकेकडे एकोणीस बिल्ले होते आणि ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेले होते. पितळेचे, अंगठ्याच्या नखाएवढे. प्रत्येकावर गवताची पेंढी आणि खाली साल. स्कोरदालच्या खोऱ्यात मार्चमध्ये गवतवाटेची शर्यत होते. पूर्वी डोंगरावरच्या कुरणांतले गवत हिवाळ्यात ज्या वाटेने घसरगाड्यांवरून खाली आणत, त्याच वाटेने बेचाळीस किलोमीटर स्कीवर जायचे. आपल्या वयोगटाला ठरवून दिलेल्या वेळेत पोचले की बिल्ला मिळतो. वीस झाले की सभागृहाच्या भिंतीवरच्या फळीवर तापल्या सळईने नाव उमटवतात. त्या फळीवर एकतीस नावे आहेत. त्यांत बायका चार.

एकोणिसावा बिल्ला मिळाला तेव्हा हाल्दिस अठ्ठावन्न वर्षांची होती. त्याच वर्षी सप्टेंबरात तिच्या जठरात गाठ निघाली आणि निम्मे जठर काढावे लागले. एकाहत्तर किलोंची बाई सत्तावन्नवर आली आणि तिथेच थांबली. एक हिवाळा गेला. त्यानंतरच्या हिवाळ्यात ती पुन्हा शर्यतीला उभी राहिली आणि तिला चार तास सव्वीस मिनिटे लागली. पुढच्या वर्षी चार तास एकतीस. साठीपुढच्या बायकांना मुदत चार तास दहा मिनिटांची आहे.

एप्रिलमध्ये शर्यत समितीने जाहीर केले की वरचे पठार रानटी रेनडिअरच्या हिवाळी वावरासाठी बंद होणार असल्याने पुढची शर्यत जुन्या वाटेवरची शेवटची. त्यानंतर पंचवीस किलोमीटरची नवी वाट, नवा बिल्ला, आणि मोजणी एकापासून. म्हणजे हाल्दिसच्या हातात एकच हिवाळा उरला.

स्कोरदालमध्ये शर्यतीत कोणी कमी पडत नाही; मेण चुकते. हे लोक तीन पिढ्या असेच बोलत आले आहेत. स्कीच्या तळाला, पायाखालच्या भागात, चिकट मेण लावतात. चढावर पाय रेटला की ते बर्फ धरते. बर्फ ओला असेल तर एक मेण, कोरडा असेल तर दुसरे, आणि दोन्हींच्या मधला असेल तर भांडण. कोऑपच्या दुकानात शर्यतीनंतरच्या सोमवारी तुम्ही कोणालाही विचारा, तो दमला होता असे सांगणार नाही, जागरण झाले होते असे सांगणार नाही. मेण घसरत होते असे सांगेल.

हाल्दिसचे मेण तिचा थोरला भाऊ तार्येइ लावायचा. तिचेच नव्हे, निम्म्या खोऱ्याचे. तार्येइ ब्रेके सहासष्ट वर्षांचा, बस चालवून निवृत्त झालेला. त्याच्या गॅरेजमध्ये चाळीस वर्षांच्या मेणाच्या डब्या तापमानानुसार लावलेल्या आहेत. शर्यतीच्या दिवशी तो पहाटे बर्फात तापमापक खुपसून उभा राहतो आणि बाहेर रांगेतली माणसे आवाज न करता वाट बघतात. पहिल्या अपयशानंतर त्याने बहिणीला जास्त चिकट मेण लावले. थरही जाड दिला. चढावर ती तरीही मागे घसरली, आणि पठारावर मेणाला बर्फाचे गोळे चिकटले.

"मेण कमी पडलं," तार्येइ म्हणाला होता. "पुढच्या वेळी आणखी एक थर देऊ."

हाल्दिस चौतीस वर्षे सॉ मिलमध्ये फळ्यांची प्रतवारी करत होती. काम असे: फळी दोन आधारांवर ठेवायची, मधोमध वजन द्यायचे, किती वाकली ते काट्यावर वाचायचे आणि शिक्का मारायचा. एकाच झाडाच्या, एकाच लांबीरुंदीच्या दोन फळ्या सारख्या वाकत नाहीत, हे तिने रोज दोनशे वेळा पाहिले होते. स्की हीसुद्धा वाकवलेली फळीच आहे हे मात्र तिला चौतीस वर्षांत सुचले नव्हते. ते सुचले एप्रिलच्या अखेरीस, समितीचे पत्रक वाचल्यानंतर चार दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत.

रंधा यंत्राचे टेबल ओतीव लोखंडाचे आहे आणि गिरणीत त्याच्याइतके सपाट काही नाही. हाल्दिसने आपली स्कीची जोडी त्यावर मांडली आणि बूट घालून वर चढली. यंत्र चालवणारा ओदवार लिएन डबा खात होता.

"ओदवार, इकडे ये. हा कागद माझ्या पायाखाली सरकवून बघ."

"टेबलावर चढलीस? साहेबांनी बघितलं तर माझी नोकरी जाईल."

"साहेब लग्नाला गेलेत. सरकव."

ओदवारने ओठ पुसले आणि कागद सरकवला. "सरकतोय. टाचेपासून पुढे, चांगला हातभर."

"सरकायलाच हवा, दोन्ही पायांवर उभी आहे. आता बघ." तिने उजवा पाय उचलला. सगळे वजन डाव्या स्कीवर आले.

"सरकतोय."

"नीट बघ."

"अगं, सरकतोय म्हणजे सरकतोय. आख्खं वर्तमानपत्र घालू का?"

त्याने कागदाची घडी केली. घडीही सरकली. घडीवर आणखी घडी घातली, तीही सरकली. ओदवारचे हसणे थांबले. त्यांनी हलकी रिकामी बादली आणि खिळ्यांचे पुडे आणले, आणि हाल्दिस एका पायावर बादली धरून उभी असताना ओदवार बादलीत एकेक किलोचे पुडे टाकत गेला. चौदाव्या पुड्याला कागद अडकला.

स्कीचा पायाखालचा तळ जमिनीला टेकलेला नसतो; तो कमानीसारखा उचललेला असतो. सगळे यंत्र एवढेच आहे. दोन्ही पायांवर वजन वाटून उतार उतरताना कमान उभी राहते, मेण बर्फापासून वर राहते आणि स्की घसरते. चढावर एका पायावर वजन टाकून रेटले की कमान चेपते, मेण बर्फाला लागते आणि स्की थांबते. कमान माणसाच्या वजनापेक्षा ताठ असेल तर ती चेपतच नाही. तार्येइने लावलेले, खोऱ्यातले सर्वोत्तम मेण, दोन वर्षे बेचाळीस किलोमीटर हवेतून गेले होते. जाड थरांनी फक्त एवढे झाले की उताराला जेव्हा नको होते तेव्हा ते बर्फाला घासले.

संध्याकाळी पाच वाजता ती भावाच्या गॅरेजमध्ये गेली.

"मेणाचा दोष नाही," ती म्हणाली.

"मग कोणाचा?"

"कमानीचा. माझं वजन चौदा किलो कमी पडतं."

तार्येइने चष्मा काढला. "रेटताना वजन वाढतं, हाल्दिस. उभं राहून मोजलेलं आणि लाथ मारताना पडलेलं, यात फरक असतो. हे पोरांनाही कळतं."

"पंचविशीत मारत होते तशी लाथ. आता बेचाळीस किलोमीटर तशी लाथ कोण मारणार? तू?"

"ही जोडी मी निवडलीय तुझ्यासाठी."

"एकाहत्तर किलोंच्या बाईसाठी. निवड चांगली होती."

"म्हणजे दोन वर्षं मी काय केलं?"

"माझ्या स्कीला रंग दिलास," हाल्दिस म्हणाली. हे बोलायला नको होते, असे तिने नंतर कबूल केले. तार्येइने दिवा मालवला आणि जेवायला गेला. जूनपर्यंत तो तिच्याशी हवामानापलीकडे बोलला नाही.

त्या उन्हाळ्यात गिरणीने फळ्या वाकवण्याचे जुने यंत्र भंगारात काढले. हाल्दिसने ते ट्रॅक्टरवर घालून आपल्या गोठ्यात आणले. गोठा रिकामाच होता. शेवटची मेंढी विकून नऊ वर्षे झाली होती. शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरातून निघालेला ग्रॅनाइटचा ओटा तिने पाणसळ लावून त्याखाली बसवला. कागदाच्या जागी मोटार गॅरेजवाल्यांकडे असतो तसा पातळ पत्र्यांचा फिलर गेज घेतला, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत फट मोजता येते. ऑक्टोबरात कोऑपच्या फलकावर एक चिठ्ठी लागली: स्की मोजून मिळतील. मेणाबद्दल विचारू नये.

लोक आधी टवाळीला आले. "हाल्दिस, आमच्या सासूबाईंची कमान मोजतेस का, वाकतच नाहीत." पण येताना स्की घेऊन आले. डिसेंबरपर्यंत तिने एकशे चाळीस जोड्या मोजल्या. एका वहीत प्रत्येक जोडीची आकृती आहे, शिसपेन्सिलीने बाजूने काढलेली. ती वही चाळली तर खोऱ्यातले सगळे आकार दिसतात.

बचाव पथकाच्या रुंद स्की सगळ्यांत वेगळ्या. त्यांना कमान जवळजवळ नाही. उलट पुढचा भाग हातभर आधीपासूनच जमीन सोडून वर वळलेला. मोकळ्या, खोल बर्फात असे टोक वर तरंगते आणि गुडघ्याएवढ्या भुसभुशीतातूनही माणूस पुढे सरकतो. पथकाच्या प्रमुखाची तक्रार होती की घळीतल्या टणक बर्फावर त्या भरकटतात. हाल्दिसने त्या ओट्यावर ठेवून मागे बॅटरी धरली. पुढच्या भागाखालून उजेड आला, मागच्या टोकाखालूनही. "टणकावर तू दोन मीटरच्या स्कीवर नसतोस," तिने त्याला सांगितले, "सव्वा मीटरच्या स्कीवर असतोस. धार टेकतच नाही तर धरणार काय?" त्याने घळीसाठी वेगळ्या चार जोड्या ठेवल्या.

उतारावर वळणे घेणाऱ्यांच्या स्कीला बारीक कंबर असते, टोके रुंद. अशी स्की कुशीवर कलवून दाबली की तिचा काठ धनुष्यासारखा वाकतो आणि ती त्या धनुष्याच्या रेषेने आपणहून वळते. कंबर जितकी बारीक तितके वळण लहान. सरळ जायचे असते तेव्हाही ती वळू बघते, म्हणून लांब सपाटीवर पायांना जाच होतो. गवतवाटेसाठी ती कोणी आणत नाही. एकाने मोजायला आणली होती, मेव्हण्याशी पैज लावून.

बाकीच्या शंभरावर जोड्या शर्यतीच्या होत्या, आणि त्यांतल्या सत्तरएक मालकांना ताठ. स्कोरदालमध्ये स्की घेताना हात वर करतात. मनगटापर्यंत पोचली की मापाची. हा नियम लाकडी स्कीच्या काळातला, तेव्हा सगळ्या लाकडी स्की थोड्याफार सारख्याच वाकत. शिवाय ताठ स्की वेगवान माणसाची असते, म्हणून दुकानात प्रत्येक जण एक पायरी ताठ मागतो. शाळेच्या मुख्याध्यापिकेला अठरा किलो ताठ निघाली.

"पंधरा वर्षं मी तार्येइला शिव्या घालतेय," ती बाई ओट्यापाशी उभी राहून म्हणाली.

"थांबव," हाल्दिस म्हणाली.

हे तार्येइच्या कानावर गेले. त्याला बरे वाटायला हवे होते, वाटले नाही. दोष मेणाचा नसेल तर यशही मेणाचे नव्हते, एवढा हिशेब त्याला करता येत होता.

स्वतःसाठी स्की शोधायला हाल्दिस नोव्हेंबरात खालच्या शहरात गेली. दुकान आयलिफ ग्रोवचे. तो चाळिशीचा, एके काळी खोऱ्याच्या क्लबकडून धावलेला, त्यामुळे तिला चांगला ओळखून होता. तिने गाडीतून ग्रॅनाइटचा तुकडा आत आणला तेव्हा त्याने कपाळाला हात लावला.

"हाल्दिस, इथे यंत्र आहे ना. आकडा छापलेला असतो स्कीवर. पंचावन्न ते पासष्ट किलो, ही घे, एकशे नव्वद सेंटिमीटर."

"या मापाच्या किती जोड्या आहेत?"

"तेवीस."

"काढ."

"सगळ्या?"

"मी डबा आणलाय."

तेवीस जोड्या, एकच छाप, एकच लांबी, एकच आकडा. तिच्या ग्रॅनाइटवर ठेवून त्याच्या यंत्राने दाबल्यावर सर्वांत मऊ जोडी एकावन्न किलोंना चेपली, सर्वांत ताठ अडुसष्टला. आयलिफ आधी काउंटरवरून बघत होता. नवव्या जोडीपासून तो स्वतः खोकी उघडू लागला. मधल्या वेळेत त्याने तिला दुसरे दोन पर्याय दाखवले. एक, पुढचे टोक किंचित वर उचललेली फिरतीची स्की: बर्फात आखून दिलेल्या चाकोरीबाहेर सोपी, पण चाकोरीत लांबी वाया. दुसरा, तळाला केसाळ पट्टी बसवलेली. तिला मेणच लागत नाही. केस एका दिशेने झोपतात आणि उलट दिशेने बर्फ धरतात.

"ही घे आणि भावाशी भांडण मिटव," आयलिफ म्हणाला. "कधीच घसरत नाही."

"उतारालाही नाही?"

"थोडी हळू जाते."

"किती?"

त्याला आकडा ठाऊक नव्हता. तिने पट्टीची जोडी उसनी घेतली आणि तेवीसांतली सतरावी विकत घेतली, जी सत्तावन्न किलोंना नेमकी चेपली. ती जोडी आधी एका गिऱ्हाइकाने परत केलेली होती. खोक्यावर लिहिले होते: मेलेली, म्हणजे कमानीत जोर नसलेली.

डिसेंबरात तळे गोठल्यावर तिने एक किलोमीटर आखला आणि दोन्ही जोड्या आलटूनपालटून दहा दहा वेळा पळवल्या. पट्टीची जोडी सपाटीला किलोमीटरमागे अकरा सेकंद मागे पडली. गवतवाटेवर सपाटी आणि उतार मिळून सत्तावीस किलोमीटर. म्हणजे पाच मिनिटे. तिने पट्टीची जोडी आयलिफला परत केली.

मऊ कमानीची किंमतही तिने मोजली. कमान जेवढ्यास तेवढी असेल तर मेणाची जागा अचूक हवी. दोन्ही पायांवर उभे असताना जेवढा भाग वर उचललेला राहतो तेवढ्यातच मेण. त्याच्या बोटभर पुढे गेले तरी ते घासते. फिलर गेजने ती जागा निघाली: बुटाच्या टोकापुढे चौतीस सेंटिमीटर. तिने स्कीच्या कडेवर काळ्या शाईने रेष मारली. तार्येइची सवय पंचेचाळीसची होती, सगळ्यांसाठी.

मेण मात्र तिला त्याच्याकडूनच हवे होते. मेणात खोऱ्यात त्याच्या तोडीचा कोणी नाही, हे तिने कधी नाकारले नव्हते. फेब्रुवारीत एका रविवारी ती वाफल आणि तपकिरी चीज घेऊन त्याच्याकडे गेली आणि स्की टेबलावर ठेवली.

"ही रेष कसली?" तार्येइने विचारले.

"इथपर्यंत मेण. पुढे नाही."

"चाळीस वर्षांत मला कोणी रेष मारून दिली नाही."

"चाळीस वर्षांत कोणी मोजलं नाही."

"पठाराच्या कडेला शेवटचा चढ केवढा आहे माहीत आहे ना? तिथे घसरलीस तर?"

"घसरले तर माझी चूक. कोऑपमध्ये मी स्वतः सांगेन."

तार्येइने वाफल दुमडून खाल्ला. "लावतो," तो म्हणाला.

शर्यतीच्या दिवशी सकाळी चर्चसमोर उणे चार होते, आकाश झाकलेले. हाल्दिस नंबर बांधत असताना तार्येइने तयार स्की आणून दिली.

"रेष पाहिलीस?"

"पाहिली," तो म्हणाला, आणि दुसऱ्याची जोडी घ्यायला वळला.

वाट अशी आहे: चर्चपासून तेरा किलोमीटर चढ, मग चौदा किलोमीटर पठार, मग गवताचा दांडा नावाचा दोन किलोमीटरचा तीव्र चढ, तिथून नऊ किलोमीटर उतार आणि शेवटी नदीकाठचे चार किलोमीटर सपाट. हाल्दिसने काठीला चिकटपट्टी लावून तिच्यावर वेळा लिहिल्या होत्या. पठार गाठायला एक तास पंचेचाळीस. दांडा संपेपर्यंत तीन एकोणीस. शेवट चार सात. हाताशी तीन मिनिटे.

पहिल्या चढावर तिची स्की एकदाही मागे आली नाही. डावीउजवीकडे माणसे पाय फाकवून फेंगडी चढत होती. ती चाकोरीत सरळ वर गेली. मुख्याध्यापिकेला तिने आठव्या किलोमीटरला गाठले. तीही नव्या, मऊ जोडीवर होती.

"पुढे हो, पुढे हो," मुख्याध्यापिका धापा टाकत म्हणाली. "मी फक्त पोचणार आहे."

पठार सुरू होताना हाल्दिसचे घड्याळ एक बेचाळीस दाखवत होते. तीन मिनिटे वर.

पठारावर बर्फ पडू लागला. मोठे, ओलसर पापुद्रे. तापमान शून्यावर आले असावे. दोन्ही काठ्या एकदम रोवून स्वतःला पुढे ढकलायचे आणि स्कीला घसरू द्यायचे, हे पठारावरचे काम. पण ढकलल्यावर स्की थोडी जाऊन अडत होती. आधी तिला वाटले, वारा आहे. मग तिने शेजारच्या चाकोरीतल्या माणसाकडे पाहिले. तोही वाऱ्यात होता आणि तो जात होता. एकोणिसाव्या किलोमीटरला ती आपल्या वेळापत्रकाच्या एक मिनिट मागे होती. सहा किलोमीटरांत चार मिनिटे गेली होती. या दराने पठार संपेपर्यंत सगळे संपणार होते.

ती चाकोरीतून बाजूला झाली, स्की काढली आणि उलटी केली. काळ्या रेषेपर्यंतचे मेण स्वच्छ होते. रेषेच्या पुढे, तळहाताहून जास्त लांबीवर, मेण होते आणि त्या मेणाला नवा बर्फ पिठासारखा थापला गेला होता. दुसरी स्कीही तशीच. नेमके पंचेचाळीसपर्यंत.

शर्यतीत थांबलेले माणूस पाहिले की स्कोरदालमध्ये प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो. तिघांनी जाता जाता विचारला.

"मेण चुकलं का, हाल्दिस?"

 हाल्दिसने कमरेच्या पिशवीतून खरवडणी काढली, हातमोजा दातात धरला आणि रेषेच्या पुढचे मेण उतरवायला घेतले. थंडीत मेण सालपटांनी निघते, पण त्यावरचा बर्फ आधी फोडावा लागतो. पहिल्या स्कीला पन्नास सेकंद लागले, दुसरीला चाळीस. बोटे दुसऱ्या स्कीच्या मध्यावरच बधिर झाली होती. मोजा घालायला आणखी काही सेकंद गेले. ते तिने मोजले नाहीत.

त्यानंतर स्की गेली. पठार संपले तेव्हा तीन तास तीन मिनिटे झाली होती. तीन मिनिटे मागे, म्हणजे हाताशी काही नाही.

गवताच्या दांड्यावर प्रश्न साधा होता: अकरा सेंटिमीटर मेण कमी झालेली स्की धरते की नाही. तार्येइला याचीच भीती होती. नव्या बर्फाखाली जुनी चाकोरी टणक होती आणि चढाच्या मध्यावर सातआठ जण बाजूला फेंगडे अडकलेले होते. हाल्दिसने वजन पूर्ण एका पायावर आणायचे, क्षणभर थांबायचे आणि मग रेटायचे ठरवले. घाईत रेटले तर मऊ कमानही चेपत नाही. धरले. पुढचे पाऊल. धरले. दोन किलोमीटर तिने असे अठरा मिनिटांत काढले आणि वर पोचली तेव्हा तीन एकवीस झाले होते. पाणवठ्यावर काळ्या बेरीचे गरम सरबत देत होते. तिने पेला घेतला नाही.

उतारावर तिच्या मऊ स्कीला ताठ स्कीवाल्या चौघांनी मागे टाकले. हे अपेक्षित होते. ती गुडघ्यांत वाकून, कोपरे मांड्यांवर टेकून, चाकोरीतून न हलता खाली आली. नदीकाठी पोचताना तीन एकावन्न. उरले चार किलोमीटर आणि एकोणीस मिनिटे. तळ्यावरच्या मोजणीनुसार ताज्या पायांनी चार किलोमीटरला तिला सतरा मिनिटे लागत. ताजे पाय नव्हते.

त्या चार किलोमीटरांबद्दल तिने नंतर एवढेच सांगितले की एका पुलापासून दुसऱ्या पुलापर्यंत ती काठ्यांचे ठोके मोजत होती आणि आकडा विसरला की पहिल्यापासून सुरू करत होती. शेवटच्या वळणावर सभागृहापुढचे मोठे घड्याळ दिसते. त्यावर चार आठ चाळीस होते. त्या वळणापासून रेषेपर्यंत अडीचशे मीटर आहेत.

चार तास नऊ मिनिटे सदतीस सेकंद.

ध्वनिक्षेपकावरच्या माणसाने तिचे नाव आणि वीस हा आकडा वाचला. हाल्दिस काठ्यांवर ओणवी होऊन उभी होती. तार्येइ दोरीपलीकडून आत आला. त्याच्या हातात घोंगडी होती; ती त्याने तिच्या खांद्यांवर टाकली. मग त्याने खाली वाकून तिची स्की काढली आणि सवयीने उलटी करून पाहिली. बराच वेळ पाहिली.

"कुठे थांबलीस?"

"एकोणिसाव्याला."

"किती वेळ?"

"दीड मिनिट. जास्तच."

तार्येइने अंगठा रेषेच्या पुढच्या खरवडलेल्या तळावरून फिरवला. "मला वाटलं दांड्यावर कमी पडेल," तो म्हणाला. "उणे चार होतं. बर्फ पडला नसता तर कळलंही नसतं तुला."

"पडला."

"रागावलीस?"

"पठारावर रागावले होते. दांड्यावर तो राग उपयोगी पडला."

 मागून मुख्याध्यापिका येत असल्याचे ध्वनिक्षेपकावर सांगत होते. हाल्दिसने घोंगडी नीट लपेटली आणि आपली जोडी त्याच्या हातातून घेतली.

"गुरुवारी गोठ्यात ये," ती म्हणाली. "ज्यांना ज्यांना मेण लावतोस त्यांची यादी घेऊन. प्रत्येकाची रेष वेगळी निघेल."

"सगळ्यांची? चाळीस माणसं आहेत."

"मग बुधवारी ये," हाल्दिस म्हणाली आणि मटणाच्या सूपच्या रांगेत जाऊन उभी राहिली.